साठाव्या पानावर अडलेलं ‘ड्यून’

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते, ठाण्याच्या कॉलेजात बारावी सायन्सला आहे. हॅरी पॉटर, पर्सी जॅक्सन, हंगर गेम्स सगळं दोन-दोनदा वाचून झालं. आता तसलं नवीन पुस्तक घेतलं की पुढे काय होणार ते आधीच कळतं. म्हणून मोठ्यांच्या विज्ञान आणि अद्भुत कादंबऱ्यांकडे वळले. ‘ड्यून’ साठाव्या पानावर सुटलं, ‘द फिफ्थ सीझन’ विसाव्या. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ची शंभर पानं झाली होती, तेवढ्यात आईने मधलंच एक पान उघडून वाचलं आणि पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. शब्द अडत नाहीत, तरी दोन पानांत मन उडतं. वाचते ते जाता-येता ट्रेनमध्ये. पुस्तकांसाठी महिन्याला 500 रुपये मिळतात. माझ्यात काही कमी आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर:

तुझ्यात कमी काही नाही. शब्द अडत नाहीत असं तूच लिहिलंयस, तेव्हा इंग्रजीचाही प्रश्न नाही. क्रम चुकला, एवढंच. तिन्ही पुस्तकं मोलाची आहेत, पण त्यांतलं प्रत्येक पुस्तक वाचकाकडून एकदम तीन-चार नव्या सवयी मागतं. एका वेळी एकच सवय बदल आणि बाकी सगळं ओळखीचं ठेव. मग ‘ड्यून’ आपोआप टप्प्यात येईल.

आधी बिनसलं कुठे ते बघू. ‘हंगर गेम्स’मध्ये नायिका कॅटनिस ‘मी’ म्हणून बोलते, तेही वर्तमानकाळात. तिला दिसतं तेवढंच तुला दिसतं, आणि तिला कळतं त्याच क्षणी तुला कळतं. वाचताना मनात एकच प्रश्न असतो: आता काय होणार? ‘ड्यून’ (1965) हा प्रश्नच काढून घेतं. एकाच प्रसंगात लेखक या पात्राच्या मनातून त्या पात्राच्या मनात जातो. दगा कोण देणार हे तर सुरुवातीच्या पानांतच खलनायकाच्या तोंडून सांगून टाकतो. किशोर कादंबऱ्यांची सवय असलेल्याला वाटतं, लेखकाने मजा घालवली. पण त्याला तुझ्याकडून दुसरा प्रश्न हवा असतो: सगळं समोर दिसत असताना ही शहाणी माणसं त्यात सापडतात कशी? हा प्रश्न घेऊन वाचलं तर तीच पानं ताणलेली वाटतात.

‘द फिफ्थ सीझन’ (2015) मध्ये तीन बायकांचे तीन धागे आहेत, त्यातल्या एकीला लेखिका ‘तू’ म्हणून हाक मारते, आणि आरंभच एका आईच्या मेलेल्या मुलापाशी होतो. पुढे कधीतरी नक्की वाच, पण पहिलं पुस्तक म्हणून नको. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आठ जणांच्या नजरेतून सांगितलंय आणि शंभर पानांत या आठांची नुसती ओळखसुद्धा पुरी होत नाही. तू सोडलंस तेव्हा गोष्ट अजून जागेवर बसायची होती.

आता ट्रेनचं गणित, कारण अर्धी अडचण तिथे आहे. कोपरखैरणे ते ठाणे वीसेक मिनिटं धर. कथा-कादंबरीचं इंग्रजी मिनिटाला 200 शब्दांच्या वेगाने वाचलं तर जाऊन-येऊन 8,000 शब्द होतात. विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्काराच्या नियमांत लांबीची मापं ठरलेली आहेत: 7,500 शब्दांच्या आत असेल ती लघुकथा, आणि 17,500 ते 40,000 असेल ते नॉव्हेला, म्हणजे लघुकादंबरी. लघुकथा तुझ्या एका दिवसाच्या प्रवासात पुरी होते, लघुकादंबरी एका आठवड्यात. ‘ड्यून’ पावणेदोन लाख शब्दांच्या पुढे जातं, म्हणजे कॉलेजचे बावीसहून जास्त दिवस, आणि तेही रोज बसायला जागा मिळाली तर. मध्ये रविवार, सबमिशन, युनिट टेस्ट. चार दिवसांच्या खंडानंतर पुस्तक उघडलं की नावं पुसलेली असतात, मागची दहा पानं पुन्हा वाचावी लागतात, आणि दोनदा असं झालं की पुस्तक सुटतं. मन उडतं असं तुला वाटतं, त्यात या खंडाचा वाटा मोठा आहे. म्हणून बोर्डाची परीक्षा होईपर्यंत लहान मापाचं वाचायचं.

मोठ्यांच्या पुस्तकांची सगळ्यात मोठी सवय म्हणजे न सांगितलेलं ओळखणं. तिचा सराव आधी मराठी माणसाच्या गोष्टीवर कर. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पुस्तकात आहे. सीबीएसईच्या एखाद्या मैत्रिणीकडे ते असेल, नाहीतर एनसीईआरटीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं.

इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला निघालेत. गाडी डेक्कन क्वीनपेक्षा वेगात चाललीय. लोणावळा, घाट, कर्जत, कल्याण, सगळं ओळखीचं. मग एक लांब बोगदा, आणि बोगद्यापलीकडे ‘सरहद’ नावाचं छोटं स्टेशन. गणवेशातला एक अँग्लो-इंडियन परवाने तपासत गाडीतून फिरतो. इथून ब्रिटिश राज्य सुरू होतं. पुढे लोकलचे निळे डबे दिसतात, त्यांवर ‘जीबीएमआर’ (ग्रेटर बॉम्बे मेट्रोपॉलिटन रेल्वे) ही अक्षरं आणि बारीकसा युनियन जॅक. पानिपत कोणी जिंकलं हे अजून एका शब्दाने सांगितलेलं नाही. तरी पुण्याकडे एक राज्य आहे, मुंबईत दुसरं, आणि मध्ये सीमा, हे वाचकाला स्टेशनच्या नावावरून आणि डब्याच्या रंगावरून कळून चुकतं. बोगद्याचं नावही गोष्टीत नाही. पण कल्याण सोडून मुंबईकडे येताना लांब बोगदा म्हणजे पारसिकचाच, हे ठाण्याला येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. सरहद स्टेशन साधारण कळवा-ठाण्याच्याच जागी येतं. तू रोज जिथे उतरतेस, तिथे परवाना दाखवायचा!

हा प्रवासाचा भाग पेन्सिल घेऊन वाच. जग बदलल्याची खूण जिथे जिथे सापडेल तिथे बारीक टिंब दे, आणि मग तीन प्रश्न विचार. इथे सत्ता कोणाची? कोण कोणाला कागद दाखवतो? लोकांना काय नेहमीचं वाटतं, जे आपल्याला नवल वाटतं? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त उघड करतो. गोष्टीतली माणसं ज्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, तिथेच लेखकाने जग दडवलेलं असतं. किशोर कादंबरीत बहुतेक वेळा कोणीतरी नवखा असतो, त्याला दुसरं कोणी सगळं समजावून सांगतं आणि आपणही ऐकतो. मोठ्यांच्या कादंबरीत असा सांगणारा मिळेलच असं नाही. तिथे तू नवख्या शहरात उतरलेली प्रवासी असतेस. पाट्या वाचायच्या आणि चालायचं.

मराठीत हा उंबरठा कधी फार उंच नव्हता. ‘किशोर’ मासिकातून आणि फास्टर फेणेच्या गोष्टींतून बाहेर पडलेली मुलं सरळ नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आणि नारायण धारपांवर यायची. मधलं वेगळं कपाटच नव्हतं. मराठी विज्ञानकथा मुख्यतः लघुकथेतच वाढली, त्यामुळे तुझ्या ट्रेनच्या मापाला ती अगदी बसते. शोधायची पहिली जागा म्हणजे ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय. 1893 सालची ही संस्था आहे. दिवाळीनंतर ग्रंथालयांच्या दिवाळी अंक योजना सुरू होतात, त्यात ‘धनंजय’ मागून घे. रहस्यकथा आणि विज्ञानकथांसाठी तो अंक नावाजलेला आहे. इंग्रजी लघुकथांना तर पैसेच लागत नाहीत. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ आणि ‘स्ट्रेंज होरायझन्स’ ही नियतकालिकं त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत वाचता येतात. आठवड्याला दोन कथा पुरेत. आवडली नाही तर तिसऱ्या पानावर सोड, तिथे काही बुडत नाही. ‘काय होणार’कडून ‘कसं आणि का’कडे वळायला टेड चँगचा ‘स्टोरीज ऑफ युवर लाइफ अँड अदर्स’ (2002) हा आठ कथांचा संग्रह चांगला आहे. त्यातल्या शीर्षककथेत आई आपल्या मुलीशी बोलते आणि वाक्यांचे काळ मुद्दाम विचित्र लावलेले आहेत. ती चूक समजून पुढे जाऊ नकोस. गोष्टीची किल्ली तिथेच आहे.

कादंबरीकडे वळताना पहिला बदल फक्त नायकाच्या वयाचा कर, ‘मी’ तसाच राहू दे. मार्था वेल्सचं ‘ऑल सिस्टिम्स रेड’ (2017) ही लघुकादंबरी आहे, दीडेकशे पानांची. सांगणारा एक सुरक्षारक्षक यंत्रमानव आहे. स्वतःवरचं नियंत्रण त्याने गुपचूप तोडलंय आणि उरलेल्या वेळात तो मालिका बघतो. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याला अवघडल्यासारखं होतं. आवाज तुझ्या ओळखीचा वाटेल, पण प्रश्न मोठ्यांचे आहेत: कंपनी, करार, मालकी.

त्यानंतर अँडी वीअरचं ‘द मार्शियन’. तू सायन्सची आहेस म्हणून मुद्दाम सांगतो. मंगळावर एकटा राहिलेला अंतराळवीर रोजची नोंद लिहितो. बटाटे पिकवायला पाणी हवं, म्हणून रॉकेटच्या इंधनातली हायड्रॅझिन इरिडियमवर तोडून नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळवतो, मग तो हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळतो. समीकरण मांडून बघ, तुला जमेल. आणि जाळायचा राहून गेलेला हायड्रोजन हवेत साठला तर काय होईल, हेही आधीच सांगता येईल. या पुस्तकाची निवड आणखी एका कारणासाठी. पहिली पाच प्रकरणं ‘मी’ची आहेत. सहाव्यात गोष्ट पृथ्वीवर येते आणि तृतीयपुरुषी होते: बैठका, वाद, पैसा, वरिष्ठांची मर्जी. तिथे वाचन मंदावल्यासारखं वाटेल. थांबू नकोस, दोन्ही धागे लवकरच एकमेकांना ओढायला लागतात. एका सांगणाऱ्याकडून अनेकांकडे जायचा सराव या पुस्तकात आयता होतो. शिव्या मात्र पहिल्या वाक्यापासून आहेत. आईला आधीच सांगून ठेव.

सगळ्यात चांगला पूल मात्र उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेचा आहे. एकच पुस्तक विकत घेण्याएवढे पैसे असतील तर ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घे. पहिली तीन पुस्तकं 1968 ते 1972 या काळात किशोरांसाठी लिहिलेली, अंगाने बारीक. चौथं, ‘तेहानू’, 1990 मध्ये आलं. पहिल्यात शेळ्या राखणारा एक मुलगा जादूच्या शाळेत जातो. हॅरीला शाळेत सहा पुस्तकं लागली, इथे शाळा काही प्रकरणांत आटोपते, कारण लेखिकेचं लक्ष त्याने गर्वापोटी मोकळ्या सोडलेल्या सावलीवर आहे. दुसऱ्या पुस्तकात तेनार ही मुलगी भेटते, लहानपणीच घरातून उचलून अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण केलेली. अंधारात भिंतीला हात लावून ती वळणं मोजत चालते, ती पानं संथ वाच. मग ‘तेहानू’ उघड. तीच तेनार आता प्रौढ विधवा आहे, शेत सांभाळते, मुलं मोठी झालीत, आणि आगीत भाजलेली एक छोटी मुलगी तिने घरात घेतलीय. त्या मुलीवर झालेला अत्याचार सूचकपणे येतो, हे आधी माहीत असलेलं बरं. जग तेच, बेट ओळखीचं, माणूसही तोच. पण जादू बाजूला सरलेली आहे, आणि शेळ्यांचं दूध, दाराची कडी, जेवल्यावर भांडी कोण घासणार, अशा गोष्टींत भीती आणि सत्ता दिसते. काय बदललं हे तुला स्वतःच्या हाताने मोजता येईल, कारण दुसरं काहीच बदललेलं नाही. क्रम मोडू नकोस. ‘तेहानू’ आधी वाचलं तर नुसतं संथ वाटेल.

टेरी प्रॅचेट यांची ‘डिस्कवर्ल्ड’ ही मालिकाही अशीच दोन्ही वयांत पसरलीय. ‘द वी फ्री मेन’ (2003) मुलांसाठी, ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (1989) मोठ्यांसाठी, जग एकच. 41 पुस्तकं आहेत, पण क्रमाने जायची गरज नाही. मोठ्यांसाठीच्या बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, त्यामुळे स्टेशन आलं म्हणून मध्येच मिटलं की धागा तुटतो. दोन प्रसंगांमधली कोरी ओळ बघून थांबत जा. जाडीची सवय लावायला ब्रँडन सँडरसनची ‘मिस्टबॉर्न’ त्रयी बरी (पहिलं पुस्तक 2006). नायिका सोळा वर्षांची, जुलमी सत्ता उलथायची गोष्ट तुझ्या ओळखीची, त्रयी पूर्ण झालेली. बदल फक्त लांबीचा.

पुढची निवड स्वतः करायची असेल तर अ‍ॅलेक्स अवॉर्ड्सच्या याद्या शोध. अमेरिकेतली ग्रंथालय संघटना दरवर्षी मोठ्यांसाठी लिहिलेली 10 पुस्तकं निवडते, जी 12 ते 18 वयाच्या वाचकांना भावतील अशी. वरची वेल्स आणि वीअर यांची पुस्तकं त्या यादीत होती.

जाड पुस्तक वाचताना पोस्टकार्डाएवढा जाड कागद खूण म्हणून ठेव. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला जागा आणि नवे शब्द. नाव पहिल्यांदा आलं की लिहायचं नाही. दुसऱ्यांदा आलं की लिहायचं, आणि पुढे फक्त नातं: ‘पॉलची आई’, ‘तलवार शिकवणारा’. पहिल्या प्रकरणातली निम्मी नावं पुन्हा उगवत नाहीत, ती उतरवण्यात दमायचं कशाला? नवा शब्द तिसऱ्यांदा आला आणि तरी उलगडला नाही, तरच शब्दसूची बघ. आणि चाहत्यांच्या विकीवर नाव शोधू नकोस. पात्राच्या पानावर तो कधी आणि कोणाच्या हातून मेला हे पहिल्याच परिच्छेदात असतं.

कुठे सोडायचं? अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा 50 पानांचा नियम प्रसिद्ध आहे: तेवढी वाच, नाही रुचलं तर सोड. दोनशे पानांच्या पुस्तकाला तो ठीक. सातशे पानांच्या, अनेक नजरांतून सांगितलेल्या पुस्तकाला मात्र मुख्य पात्रं दुसऱ्यांदा येईपर्यंत वेळ दे. दुसऱ्या भेटीत कोणाचंच काही वाटलं नाही, तर खुशाल परत कर.

आईच्या काळजीबद्दल. ती निराधार नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये ब्रॅन सात वर्षांचा, आर्या नऊची, डेनेरिस तेराची, पण पात्रं लहान म्हणून पुस्तक लहानांचं होत नाही. त्यात क्रौर्य आहे, लैंगिक हिंसा आहे, आणि या वयाच्या मुलीच्या वाट्यालाही ती येते. शिवाय त्या मालिकेचा पाचवा खंड 2011 मध्ये आला, सहाव्याची वाट अजून बघावी लागतेय. तेव्हा ते कपाटावरच असू दे, हट्ट धरू नकोस. पुढचं पुस्तक घेताना ‘स्टोरीग्राफ’ या संकेतस्थळावर त्याचं पान आईबरोबर उघड. कोणत्या पुस्तकात कोणत्या प्रकारची हिंसा किती आहे, याची वाचकांनी दिलेली नोंद तिथे असते. मधलंच एक पान वाचण्यापेक्षा आईला ते जास्त उपयोगी पडेल. जमलं तर ‘तेहानू’ दोघींनी मिळून वाचा.

500 रुपयांत महिन्याला एक नवं पेपरबॅक कसंबसं बसतं. दोघी-तिघींनी मालिकेचे खंड वाटून घेतले तर स्वस्त पडेल. घेण्याआधी किंडलवरचा मोफत नमुना वाच, पुस्तकाचा साधारण दहावा हिस्सा मिळतो. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पेपरबॅक मिळतात, पण तिथे घाई नको. पाठीवरचा खंडाचा आकडा बघ, शेवटची चार पानं जागेवर आहेत का बघ, मधली पानं सुटलीत का ते उलटून बघ. नकाशा काळपट गचका दिसला आणि अक्षरं पुसट असली तर ती चोरटी छपाई, घेऊ नकोस. नकाशा आणि शब्दसूची असलेलं पुस्तक कागदावरच घे, फोनवर मागे-पुढे करणं जिवावर येतं. लघुकथा आणि लघुकादंबऱ्या फोनवर चालतील. सकाळच्या गर्दीत एका हाताने वरची कडी धरून तेवढंच वाचता येतं.

तर आता लघुकथा, दिवाळीच्या सुट्टीत ‘ऑल सिस्टिम्स रेड’ आणि ‘अर्थसी’चं पहिलं पुस्तक. जानेवारीपासून नवीन काही नको. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की ‘द मार्शियन’, मग ‘अर्थसी’चे पुढचे तीन खंड. ‘ड्यून’ मे महिन्यात काढ, रोज सलग तासभर मिळेल तेव्हा. साठाव्या पानावर लावलेली जुनी खूण काढून टाक आणि पहिल्या पानापासून सुरू कर. दुसरी खूण मागच्या शब्दसूचीत लाव.